मरोळचे मूर्तीवाले काका आणि आमचे संत ब्लेझ

मोडकी मूर्ती दुरुस्त करून घेतली, त्याचा आधी निकाल सांगते: काम अव्वल, पैसे वाजवी, तारखेच्या नावाने मात्र बोंब. घाईत असाल तर एवढं वाचून थांबलात तरी चालेल.

मुंबईतल्या मरोळ गावठाणात आतल्या बाजूला पत्र्याची एक लांबट शेड आहे. पाटी नाही, त्यामुळे नाव लिहिता येत नाही. कोणालाही ‘मूर्तीवाले काका’ विचारा, बोट दाखवतात. काका मूळचे पेणचे. भाद्रपदापर्यंत गणपती, मग नवरात्रीच्या देवी, मग नाताळच्या गोठ्यातले मेंढपाळ नि उंट, आणि उरलेल्या वेळात आमच्यासारख्यांच्या मोडक्या संतांची डागडुजी. एकाच फळीवर गणपतीचे साचे आणि वेलंकनी माता शेजारीशेजारी असतात, त्याचं तिथे कोणालाच काही वाटत नाही.

आमची मूर्ती सासऱ्यांच्या वेळची. प्लास्टरची, दोन फूट उंच, संत ब्लेझ. आम्ही अंधेरीच्या आंबोलीचे, सीझर रोडवरचं चर्च त्यांच्याच नावाचं, म्हणून घरच्या ऑल्टरवरही, म्हणजे आमच्या देव्हाऱ्यात, तेच. (रोमन राजवटीने मारलेल्या बिशपचं चर्च सीझर नावाच्या रस्त्यावर, याची मला कायम गंमत वाटते.) गेल्या पावसाळ्यात भिंतीला ओल धरली, प्लास्टर फुगलं, पायथ्याचे पोपडे सुटले आणि उजव्या हाताची बोटं मेणबत्त्यांसकट गळून पडली.

काकांकडे जाण्याआधी धार्मिक वस्तूंच्या एका मोठ्या दुकानात गेले होते. नाव घेत नाही. तिथे फायबरचे बिशप रांगेने उभे: तीच दाढी, तीच उंच टोपी, तोच दंड. ब्लेझ कुठले म्हणून विचारलं तर सेल्समन म्हणाला, “मॅडम, कुठलेही घ्या, खालची नावाची पट्टी बदलून देतो.” म्हणजे तुरुंगात मेलेला, तलवारीने मारलेला, म्हातारपणी अंथरुणात गेलेला, सगळे एकाच साच्यातून! बिशपचा चेहरा कसा होता हे कोणालाच माहीत नसतं, मान्य. पण म्हणूनच हातातल्या वस्तूंना किंमत. त्या माणसाचं काय झालं हे तिथेच कळतं.

काकांनी मूर्ती आडवी केली, नखाने पोपडा उचलून आतलं प्लास्टर बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, “ताई, हे कोण? यांनी काय केलं?” माझ्या लेखी निम्मे तारे या प्रश्नाला.

सांगितलं मग. सेबास्ते शहराचे बिशप, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं सिवास; तेव्हा रोमन साम्राज्याचा आर्मेनियाचा मुलूख. परंपरा सांगते की बिशप होण्याआधी ते वैद्य होते. 313 साली कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस या दोन सम्राटांनी मिलानला ठरवलं की ज्याला जो धर्म पाळायचा तो पाळू द्या. त्याआधी सम्राट डायोक्लेशनच्या काळात, 303 पासून, ख्रिस्ती लोकांनी फार भोगलं होतं. आता सुटलो असं सगळ्यांना वाटलं. पण पूर्वेकडचा लिसिनियस पुढे फिरला. कॉन्स्टंटाइनशी बिनसलं तसा त्याला आपल्या मुलखातला प्रत्येक ख्रिस्ती माणूस शत्रूचा हस्तक वाटायला लागला. ब्लेझ त्या फेऱ्यात सापडले, साधारण 316 साली. 324 मध्ये कॉन्स्टंटाइनने लिसिनियसला हरवलं. काका ब्रश धुता धुता म्हणाले, “म्हणजे परवानगी मिळाल्यावर मारलं!” अगदी तसंच.

पुढची गोष्ट दंतकथेची आहे, कित्येक शतकांनी लिहिलेली, हेही त्यांना सांगितलं. डोंगरातल्या गुहेत लपलेले ब्लेझ, उपचाराला येणारी जखमी जनावरं, त्या जनावरांच्या मागावर आलेले शिकारी. सुभेदार अग्रिकोलाउसच्या माणसांनी त्यांना धरून नेलं. वाटेत एक बाई धावत आली, पोराच्या घशात माशाचा काटा अडकलेला, पोर काळंनिळं. बिशपांनी प्रार्थना केली आणि पोर वाचलं. दुसऱ्या एका गरीब बाईचं डुक्कर लांडग्याने पळवलं होतं, ते त्यांच्या शब्दावर परत आलं. मग ते तुरुंगात असताना तिने ते डुक्कर कापलं आणि त्याचं डोकं, पाय, भाकरी आणि अंधारात उजेडाला मेणबत्ती घेऊन गेली. (आमच्याकडे ही गोष्ट निघाली की सोरपोतेलचा, म्हणजे डुकराच्या मटणाच्या आमच्या पदार्थाचा, विषय निघतोच.) शेवटी लोकर विंचरायच्या लोखंडी कंगव्यांनी अंग फाडलं आणि शिरच्छेद केला.

दंतकथा जुनी असली तरी घशाचा संबंध त्याहून आधीच्या कागदात आहे. सहाव्या शतकातला अमिदाचा एटियस, धंद्याने वैद्य, घशात काही अडकलं तर ब्लेझचं नाव घ्यावं असं लिहून गेलाय. आणि आम्हाला काटेरी पाला माशाची आमटी खाणाऱ्यांना असा संत लागतोच.

आता मुद्द्याचं, म्हणजे काम. मोडक्या हाताचा नमुना हवा म्हणून काकांच्या मुलाने मोबाईलवर शोधलं, तर फोटो आला दुब्रोवनिकचा. क्रोएशियातल्या त्या शहराचे ब्लेझ पालक संत, त्यामुळे तिथल्या मूर्तीच्या हातात अख्ख्या शहराची प्रतिकृती असते, तटबंदी नि बुरुजांसकट. मुलगा म्हणाला, “पप्पा, हातात केक आहे.” काकांनी तेवढ्यात मातीत बुरुज काढायला घेतलेच होते. मी थांबवलं. ते त्यांचं शहर, त्यांच्याजवळ राहू दे. आमच्या हातात दोन मेणबत्त्या.

मेणबत्त्या सुरेख झाल्या. फुलीसारख्या एकमेकींवर, मध्ये लाल फीत, कारण 3 फेब्रुवारीला, ब्लेझच्या सणाला, फादर तशाच गळ्याला लावतात. आदल्या दिवशीच्या सणाला आशीर्वाद दिलेल्या त्या मेणबत्त्या. फितीची गाठसुद्धा कोरलीय, वरून रंगवून भागवलेलं नाही.

कंगव्यावरून मात्र वाजलं. पहिला कंगवा म्हणजे चक्क बायकांची फणी, तपकिरी रंगाची, वर फुलाची नक्षी. दिसायला गोड, पण त्याने कोणाचं काय फाटणार? मी नको म्हटलं. काका जरा घुश्शात आले, पण फणी काढली. मग बघण्यासारखं काम झालं. लाकडाची बोटभर पट्टी घेतली, तिच्यात बारीक चुका दोन ओळींत ठोकल्या, टोकं कानशीने घासून किंचित आत वाकवली, मुळाशी एमसील भरलं, वरून काळा रंग आणि त्यावर कोरड्या ब्रशने नावापुरती चंदेरी छटा. लोखंड वाटतं. हात लावला तर टोचतं. नातीने लावला, तिला टोचलं, आणि मग तिने पहिल्यांदा विचारलं की हे काय आहे. मेंढपाळांच्या मुलखातलं रोजच्या वापरातलं हत्यार आहे ते. लोकर विंचरणाऱ्यांनी पुढे ब्लेझना आपला संत केलं ते त्याच्याचमुळे.

डोळ्यांची आखणी काका स्वतःच करतात, मुलाला हात लावू देत नाहीत. मला धास्ती होती, गणपतीचा हात बसलेला माणूस, डोळे तसेच लांबट, पाणीदार येतील. नाही आले. नजर थोडी खाली, समोर कोणी बुटकं उभं असावं अशी. जुन्या मूर्तीची नजर वर आभाळाकडे होती. काका म्हणाले, “पोराकडे बघतोय ना तो?” नवऱ्याला हा बदल पसंत नाही. मला आहे. नवऱ्याची दुसरी तक्रार टोपीची: अशी उंच टोपी बिशप अकराव्या शतकानंतर घालायला लागले, चौथ्या शतकात कुठली? बरोबर आहे त्याचं. पण टोपी काढली तर शेजारपाजारचे विचारतील हे कोण बाबा, म्हणून राहू दिली.

आता उणं. झग्याच्या काठाचा सोनेरी रंग फार चकचकीत, मखराचा वाटतो. मॅट हवा असेल तर आधीच बजावून सांगा. पायथा फायबरचा नवा केला, तो चांगला, पण तळाशी नमदा लावलेला नव्हता, तो घरी आम्ही चिकटवला. पावती मागितली तर कॅलेंडरच्या मागच्या बाजूला आकडा लिहून दिला. तारीख तर विचारूच नका. नाताळच्या आधी म्हणाले होते. नाताळ गेला, जानेवारीतला तीन राजांचा सण गेला, दरवेळी उत्तर एकच: “ताई, वार्निश वाळतंय.” सणाच्या आदल्या संध्याकाळी मूर्ती हातात पडली, तीही मी दारात खुर्ची टाकून बसले म्हणून.

पैसे: हात, कंगवा, पायथा, लांबी (पुट्टी) भरून घासणं आणि पूर्ण रंग मिळून 6,500. आधी 6,000 सांगितले होते, कंगव्याचे वाढवले, ते मी कुरकुर न करता दिले. त्या पट्टी बदलणाऱ्या दुकानात नवी फायबरची याहून महाग होती.

जायचं असेल तर गणपतीच्या आधीचे दोन-तीन महिने सोडून जा, तेव्हा दुरुस्ती घेतच नाहीत. मूर्तीचा जुना फोटो न्या, संताच्या हातात काय हवं ते कागदावर लिहून द्या, मुलाला मोबाईलवर शोधायला सांगू नका. सणाची तारीख महिनाभर अलीकडची सांगा. टेम्पो त्यांचा नाही. रिक्षात मूर्ती मांडीवर आडवी घ्यायची आणि कंगव्याची बाजू बाहेर ठेवायची.