निळे इंडस्ट्रियल टॉप: एका पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत साइटवर वापरल्यानंतर

आधी निकाल सांगतो, मग तपशील. आमचं काम फर्निचर आणि जुन्या फ्लॅटच्या रिनोव्हेशनचं. एका एक्स्टेंशनला दुसरं एक्स्टेंशन जोडताना साधे थ्री पिन टॉप (म्हणजे प्लग) वापरणं आम्ही पूर्ण बंद केलं आहे. त्या जागी निळे, गोल, झाकणवाले १६ अँपिअरचे इंडस्ट्रियल टॉप-सॉकेट आले. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर ते बसवले, त्यानंतर सगळा पावसाळा, दिवाळीआधीची घाई आणि आता हा उन्हाळा गेला. वायर खेचली गेली तरी यातला एकही जोड सुटलेला नाही. तक्रारी आहेत, त्याही सांगतो, पण आता मी मागे जाणार नाही.

साधा टॉप सॉकेटमध्ये टिकतो तो फक्त आतल्या पितळी पट्ट्यांच्या दाबावर. भिंतीवरच्या सॉकेटला तेवढं पुरतं, कारण तिथे टॉपला सारखं कोणी ओढत नाही. जमिनीवर पडलेल्या जोडाचं तसं नाही. एका बाजूने पंचवीस-तीस मीटर वायरचं वजन आणि दुसऱ्या बाजूने मशीन हातात घेऊन खोलीभर फिरणारा माणूस, अशी त्याला कायम ओढ असते. शिवाय बोर्डावर ६ आणि १६ अँपिअर दोन्ही चालणारं सॉकेट असलं की ६ चा टॉप त्यात बरेचदा ढिलाच बसतो. ‘कुठलीही पिन चालेल’ म्हणून मिळणारी युनिव्हर्सल सॉकेट तर साइटवर आणूच नयेत. सगळ्या पिनांना जागा करून देताना ती एकीलाही नीट धरत नाहीत.

जोड पूर्ण सुटला तर काम थांबतं, आणि बहुतेकांना तेवढाच त्रास दिसतो. मला जास्त भीती अर्धवट सुटलेल्या जोडाची वाटते. पिना निम्म्या बाहेर आल्या की धरणारा भाग कमी होतो, संपर्क बिघडतो आणि तिथे उष्णता तयार होते. हिशोब सोपा आहे: ढिल्या संपर्काचा रोध ०.१ ओहम जरी धरला आणि त्यातून १० अँपिअर गेले, तर त्या इवल्याशा जागेत १० वॅट उष्णता सतत तयार होते. सॉकेटचं प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी, मग पिनेभोवती वितळलेली कड दिसते. असं सॉकेट पिन आणखी ढिली धरतं, म्हणजे पुढच्या वेळी आणखी तापतं. त्यात बाहेर आलेल्या पिना उघड्या असतात आणि त्यांत वीज असते. काही टॉपच्या पिनांना मुळाशी प्लास्टिकचं आवरण असतं, ते इथेच उपयोगी पडतं. साधा टॉप घ्यायचाच असेल तर तसा बघून घ्या.

यापेक्षाही गंभीर गोष्ट बटणाच्या लॉकची. ग्राइंडर किंवा मार्बल कटरचं बटण चालू स्थितीत अडकवता येतं. वायर सुटते, मशीन बंद पडतं, कारागीर ते तसंच खाली ठेवतो आणि ओरडतो, “अरे, जरा पिन बघ रे!” पलीकडचा पोरगा टॉप दाबून बसवतो आणि इकडे जमिनीवर ठेवलेलं मशीन सुरू होतं. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेते. वीज गेली आणि परत आली तर आपोआप सुरू न होणारी मशीन मिळतात, पण साइटवरची सगळी मशीन तशी नसतात. म्हणून आमच्याकडे नियम आहे: जोड सुटला की आधी मशीनचं बटण सोडायचं, मगच कोणी टॉपला हात लावायचा. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी पहिलं हेच सांगितलं जातं.

निळ्या टॉपच्या आधी साइटवर चालणारे सगळे उपाय आमच्याकडेही होते. दोन्ही वायरींची एक सैल गाठ मारायची आणि मग टॉप बसवायचा, हा सगळ्यात जुना. ओढ गाठीवर येते, पिनांवर येत नाही, त्यामुळे टॉप निसटत नाही हे खरं. ड्रिलसारख्या हलक्या मशीनच्या बारीक वायरीला मी आजही गाठच सुचवेन. पण २.५ चौरस मिलिमीटरच्या तीन कोरच्या (आत तीन वेगळ्या वायरी असलेल्या) केबलला गाठ म्हणजे मुठीएवढा गोळा होतो. तो घट्ट ओढला गेला की वायर तीव्र वळते आणि रोज त्याच जागी वळली की आतली तांब्याची तार एक-एक करून तुटू लागते. वरून इन्सुलेशन अगदी चांगलं दिसतं. गाठीजवळ हात लावल्यावर वायर कोमट लागली, तर ती तिथे कापून टाकावी.

चिकटपट्टीबद्दल थोडक्यात: लावू नका. काळी टेप उन्हात चिकट सोडते, ताण आला की घसरते, आणि मुख्य म्हणजे आतला जोड झाकून टाकते. तापतोय की नाही, हे बघायचं तरी कसं?

आता निळा टॉप. ही रचना आंतरराष्ट्रीय मानकाची आहे, आयईसी ६०३०९. रंगावरून व्होल्टेज कळतं: पिवळा ११० च्या आसपास, निळा आपल्या २३० साठी, लाल ४१५ च्या थ्री फेजसाठी. अँपिअरनुसार आकार बदलतो, म्हणून ३२ चा टॉप १६ च्या सॉकेटमध्ये जाणारच नाही. अर्थच्या (अर्थिंगच्या) पिनेची जागा घड्याळाच्या काट्याप्रमाणे ठरलेली असते. निळ्यात ती खाचेच्या बाजूला, सहाच्या ठिकाणी येते. ही पिन बाकीच्या दोघींपेक्षा जाडही असते. त्यामुळे उलटा किंवा चुकीच्या व्होल्टेजचा टॉप बसत नाही.

पण मी पैसे मोजले ते झाकणासाठी. सॉकेटवर स्प्रिंगचं झाकण असतं. टॉप आत ढकलला की झाकणाची आतली कड टॉपच्या अंगावरच्या उंचवट्यामागे अडकते. आता वायर कितीही ओढली तरी टॉप निघत नाही. काढायचा असेल तर झाकण बोटाने उचलावंच लागतं. टॉप काढला की झाकण आपोआप मिटतं आणि सॉकेटमध्ये भुसा, सिमेंट जात नाही. सुटण्यावरचा हा उपाय माणसाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून नाही, आणि मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडली. गाठ मारायला विसरता येतं. हे झाकण टॉप बसवला की अडकतंच.

आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून किती बचाव होतो त्याचा आकडा. साधा प्रकार आयपी ४४ चा, म्हणजे पाण्याच्या शिंतोड्यांपासून बचाव. गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये काम असेल आणि पाणी साचत असेल, तर आयपी ६७ चा प्रकार घ्यावा. त्यात फिरवून घट्ट करायची कडी असते. आम्ही एकच जोडी त्या प्रकारची घेतली आहे. जोड अगदी भक्कम होतो, पण धुळीच्या हाताने ती कडी फिरवायला कारागीर कंटाळतात आणि अर्धीच फिरवून सोडतात. रोजच्या कामाला झाकणवालाच बरा.

बसवताना काय बघायचं, हे जरा सविस्तर लिहितो, कारण चांगला टॉप वाईट बसवला तर साध्या टॉपपेक्षा धोकादायक ठरतो. झाकण टॉपला धरतं, वायरला धरत नाही. वायरला धरतो मागचा ग्लँड (केबल आत जाते तिथली कसायची कडी) किंवा क्लँप, आणि त्याच्या पकडीत केबलचं बाहेरचं जाड आवरण आलंच पाहिजे. घाईत आवरण जास्त सोललं जातं आणि ग्लँडमधून तीन सुट्या कोर बाहेर दिसतात. मग ओढ सरळ स्क्रूखालच्या तांब्यावर येते. टॉप जागच्या जागी राहतो आणि आत वायर निघते. अर्थची कोर आत बाकीच्या दोघींपेक्षा थोडी लांब ठेवायची. कधी ग्लँड सरकलाच, तर अर्थ सगळ्यात शेवटी तुटावी.

बारीक तारांच्या टोकांना सोल्डर लावून स्क्रूखाली घालायची सवय अनेकांना आहे. आमचे वायरमन मामा त्याच्या सक्त विरोधात, आणि त्यांचं बरोबर आहे. शिसं-कथील मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं, स्क्रू ढिला पडतो आणि तापायला लागतो. टोकांना लग (धातूच्या छोट्या टोप्या) दाबून बसवायचे आणि मग स्क्रू कसायचा. नवीन जोड पहिला आठवडाभर वापरला की एकदा उघडून स्क्रू परत कसतो. बहुतेक वेळा पाव फेरा तरी जातोच.

तक्रारी. वजन आणि आकार ही पहिली. गुंडाळलेल्या वायरच्या टोकाला हा ठोकळा लटकतो आणि जिन्यावरून नेताना पायऱ्यांवर आपटतो. झाकणाच्या बिजागरीत पीओपी आणि लाकडाचा भुसा बसतो, मग स्प्रिंग सुस्त होते आणि झाकण पूर्ण मिटत नाही. ब्रशने झटकलं की सुधारतं, पण ते करावं लागतं. दोन झाकणं मोडली: एकावर प्लायचा गठ्ठा पडला, दुसऱ्यावर कोणीतरी शिडी ठेवली. झाकण मोडलं की पकड गेली, म्हणून ती सॉकेट लगेच बदलली. किंमतही आहे. चांगल्या कंपनीची जोडी साध्या जोडीच्या तीन-चार पट पडते. स्वस्तातली एक आणून पाहिली, तिचं झाकण थोडं वाकवलं तरी टॉप निसटत होता. दुकानातच टॉप बसवून दोन्ही बाजूंनी जोरात ओढून बघा. दुकानदार काही म्हणणार नाही, आणि म्हणाला तर दुसरं दुकान.

यातून न सुटलेला प्रश्न मशीनच्या स्वतःच्या टॉपचा. ड्रिल, जिगसॉ, सँडर यांना कंपनीचा साच्यातला टॉप असतो आणि वॉरंटीत तो कापायची सोय नसते. तिथे आम्ही प्लास्टिकची डबी वापरतो. दोन अर्ध्या भागांची, मध्ये जोड ठेवायचा, दोन्ही टोकांना वायर खाचेत दाबली जाते आणि डबी मिटते. ओढ वायरच्या आवरणावरून डबीवर जाते. कामाची वस्तू आहे, पण बाजारातल्या बऱ्याच डब्या परदेशी टॉपच्या मापाच्या आहेत. आपला १६ अँपिअरचा जाडजूड टॉप त्यांत मावत नाही, ६ चा बसतो. ऑनलाइन मागवण्याआधी टॉप आणि सॉकेटची एकत्र लांबी फूटपट्टीने मोजा. वॉरंटी संपलेल्या मोठ्या मशीनना, म्हणजे टेबल सॉ आणि कॉम्प्रेसरला, आम्ही सरळ निळा टॉप लावला.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती माझ्या स्वतःच्या शिफारशीच्या थोडी विरोधात जाते. प्लग हा मुळात सुटण्यासाठीच बनलेला आहे. अमेरिकेत हार्वी हबेल यांनी १९०४ मध्ये ज्या प्लगचं पेटंट मिळवलं, त्याचा उद्देशच उपकरण चटकन ओढून वेगळं करता यावं हा होता. त्याआधी उपकरणं दिव्याच्या होल्डरमध्ये आट्यांनी फिरवून बसवावी लागत. म्हणजे वायर पायात अडकली, तर साधा जोड सुटतो आणि माणूस वाचतो. कुलूपबंद जोड सुटत नाही, मग पडतो तो माणूस, नाहीतर टेबलावरचं मशीन. त्यामुळे निळे टॉप लावल्यावर वायर कुठून न्यायची, हा विचार टाळता येत नाही. पॅसेजमध्ये आम्ही ती दाराच्या चौकटीवरून खिळ्याला अडकवून नेतो. शिडीवर काम असेल तर वायर शिडीच्या पायाला कधीच बांधत नाही, भिंतीकडच्या पक्क्या जागेला एक वेढा देतो आणि पुढे हातभर ढील सोडतो. मशीनजवळचा शेवटचा जोड, जिथे माणसं ये-जा करतात, तिथे डबीही लावत नाही.

जोड कमी करणं हाही उपायच आहे. दोन पंधरा मीटरच्या वायरींपेक्षा तीस मीटरची एक चांगली. ड्रमवरची केबल असेल तर मोठं मशीन चालवताना ती पूर्ण उलगडावी, गुंडाळलेली केबल आतल्या आत तापते. लांबीसाठी जाडीही हवी: २.५ चौरस मिलिमीटरच्या ५० मीटर तांब्याच्या केबलमध्ये १० अँपिअरला साधारण ८ व्होल्ट पडतात, १.५ मध्ये १३ च्या आसपास. आणि या सगळ्याच्या मुळाशी, जिथून वीज घेतो तिथे, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. आम्ही तो छोट्या पेटीत बसवून सोबत नेतो, कारण जुन्या इमारतीत तो असेलच असं नाही.

नवीन घेणाऱ्याने सगळं एकदम बदलायची गरज नाही. सगळ्यात लांब वायर आणि सगळ्यात जास्त करंट घेणारं मशीन, या दोघांमधल्या जोडापासून सुरुवात करा. बोर्डाकडून येणाऱ्या टोकाला सॉकेट आणि मशीनकडच्या टोकाला टॉप, हे मात्र उलटं होऊ देऊ नका. पिना असलेल्या टोकात कधीच वीज असता कामा नये. आमच्याकडे आता दोन जुन्या वायरी उरल्या आहेत, दिवाळीनंतरच्या पहिल्या साइटच्या आधी त्यांनाही निळे टॉप लागतील.