ऑपरेशनच्या वेळी साखर किती असावी: ११० च्या आत की १८० पर्यंत?

घरातल्या मधुमेही माणसाचं बायपास किंवा गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं की साखरेवरून हमखास दोन मतं पडतात. कुणी म्हणतं, साखर अगदी नॉर्मल, ११० च्या आतच हवी. कुणी म्हणतं, १८० पर्यंत चालते. दोन्हींमागे मोठे अभ्यास आहेत, त्यामुळे ते कुणावर आणि कसे झाले ते आधी बघावं.

शस्त्रक्रियेने शरीरात दाह उसळतो. ताणाच्या वेळी स्रवणारं कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रिनलिन वाढतं, इन्सुलिनचा प्रभाव उणावतो. म्हणून मधुमेह नसलेल्यांचीही साखर चढते. ती फार चढली की पांढऱ्या पेशी जंतूंना नीट मारत नाहीत आणि जखम चिघळण्याचा धोका वाढतो. इथवर कुणाचं दुमत नाही.

११० च्या बाजूने उभा आहे तो बेल्जियममधल्या ल्युव्हेनचा २००१ चा अभ्यास. सर्जिकल आयसीयूतले १५४८ रुग्ण, त्यातले बहुतेक हृदयशस्त्रक्रियेचे. साखर ८० ते ११० मध्ये ठेवली तेव्हा आयसीयूतले मृत्यू ८ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर आले. जगभर हीच पद्धत उचलली गेली. पण त्या रुग्णांना सुरुवातीपासून शिरेतून भरपूर ग्लुकोज जात होतं आणि साखर धमनीच्या रक्तात, अचूक यंत्रावर मोजली जात होती. बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटरवर मोजणाऱ्या वॉर्डात तेवढी अचूकता मिळत नाही.

१८० च्या बाजूने २००९ चा नाइस-शुगर अभ्यास येतो. त्यात ६१०४ रुग्ण होते, नुसते सर्जरीचे नव्हेत. ९० दिवसांत काटेकोर गटात (साखर ११० च्या आत) २७.५ टक्के दगावले, सैल गटात (१८० पर्यंत) २४.९. साखर ४० किंवा त्याहून खाली जाण्याचं प्रमाण ६.८ टक्के विरुद्ध ०.५ टक्के. पुढे २०२३ मध्ये ल्युव्हेनच्याच संशोधकांनी, सुरुवातीला शिरेतून पोषण न देता, नऊ हजारांहून जास्त रुग्णांवर काटेकोर नियंत्रण पुन्हा तपासलं. आयसीयूतला मुक्काम त्याने कमी झाला नाही.

माझा कौल १८० च्या बाजूने. घसरलेली साखर मला जास्त धास्तीची वाटते, कारण भुलीतला माणूस घाम फुटला, हात थरथरतात असं सांगू शकत नाही. शिवाय बायपासच्या रुग्णाला बहुधा बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणारं औषध असतं, त्याने धडधडही झाकली जाते. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनही शस्त्रक्रियेच्या आसपास १०० ते १८० हाच पल्ला सांगते.

मात्र १८० चालते म्हणजे वाढेल तेव्हा इंजेक्शन टोचायचं असं नव्हे. टाइप २ मधुमेहाच्या २११ शस्त्रक्रिया-रुग्णांवर २०११ मध्ये हीच तुलना झाली. साखर बघून तेवढ्यापुरतं इन्सुलिन दिलेल्या गटात २४.३ टक्क्यांना गुंतागुंत झाली. रोजचं मूळ इन्सुलिन आणि जेवणाचं वेगळं, असं दिलेल्या गटात ८.६ टक्क्यांना. आकडा ११० की १८० यावर वाद घालण्यापेक्षा डॉक्टरांना हे विचारा: इन्सुलिन कोणत्या पद्धतीने देणार, साखर किती तासांनी मोजणार, रात्री ७० च्या खाली गेली तर कोण बघणार?

ऑपरेशन तातडीचं नसेल तर एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी चाचणी) ८ च्या खाली आहे ना, ते आधी बघून घ्या. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही गोळी चालू असेल तर ते सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही आठवणीने सांगा. या गोळ्या साधारण तीन दिवस आधी बंद करतात, नाहीतर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. मेटफॉर्मिन ऑपरेशनच्या दिवशी सकाळी देत नाहीत.