भोसरीच्या टूलरूममध्ये दोन वर्कस्टेशन : नऊ महिन्यांचा अनुभव

आमचं भोसरी एमआयडीसीत प्लास्टिक मोल्ड डिझाइनचं छोटं ऑफिस आहे. दिवाळीत दोन मशीन, म्हणजे जड कामासाठीचे कॉम्प्युटर, घेतली. एक नामांकित कंपनीचं तयार वर्कस्टेशन : इंटेलचा झिऑन डब्ल्यू५-२४४५ प्रोसेसर, १० कोअर, ६४ जीबी ईसीसी (चुका दुरुस्त करणारी) मेमरी, तीन वर्षं जागेवर सर्व्हिस. दुसरं पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या दुकानातून असेंबल केलेलं : एएमडीचा रायझन ९ ७९५०एक्स प्रोसेसर, १६ कोअर, १२८ जीबी मेमरी. ग्राफिक्स कार्ड दोन्हीत आरटीएक्स ए२०००, १२ जीबीवालं. पहिलं पावणेचार लाखांना पडलं, दुसरं दोन लाखांना.

रोजच्या मॉडेलिंगला असेंबल्ड मशीन सरळ सरस आहे. सॉलिडवर्क्स या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये रिबिल्ड (बदलानंतर मॉडेल पुन्हा तयार होणं) बहुतेक एकाच कोअरवर चालतं, म्हणून तिथे कोअर मोजण्यापेक्षा क्लॉक, म्हणजे कोअरचा वेग, बघायचा. रायझन ५.७ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, हा झिऑन ४.६ पर्यंत. १६ कॅव्हिटीच्या (एका वेळी १६ नग काढणाऱ्या) झाकणाच्या मोल्डमध्ये मूळ स्केचचं एक माप बदललं, की फरक घड्याळ न लावता कळतो.

पण जानेवारीत याच मशीनने रडवलं. रात्री फ्लो ॲनालिसिस (मोल्डमध्ये प्लास्टिक कसं भरेल त्याचं गणित) लावून घरी जायचो आणि सकाळी समोर नुसती लॉगिनची स्क्रीन, म्हणजे मशीन मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झालेलं. असं तीनदा झालं. यूपीएस बदलून पाहिला, काही फरक नाही. शेवटी गुरुवारच्या सुट्टीत बायोस (मशीनची मूळ सेटिंग) उघडून बसलो. दुकानदाराने मेमरीच्या चारही स्टिक ५६०० च्या वेगावर पळवल्या होत्या! या प्रोसेसरला चार स्टिक लावल्या, तर एएमडीने दिलेला वेग ३६०० आहे. दोन असतील तर ५२००. वेग ३६०० वर आणला, त्यानंतर एकदाही बंद पडलं नाही. पण मोल्डची ट्रायल आठवडाभर लांबली आणि गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यावं लागलं, ते मला अजून लागतं.

तयार मशीनचा पॉवर सप्लाय मार्चमध्ये गेला. इंजिनिअर दुसऱ्या दिवशी येऊन बदलून गेला. मात्र त्याचा कनेक्टर त्या कंपनीचा स्वतःचा. वॉरंटी संपल्यावर बाजारातला सप्लाय बसणार नाही.

माझे भागीदार म्हणतात, एकाच्या पैशात जवळपास दोन येतात, मग ब्रँडचे पैसे कशाला? डिझायनरच्या टेबलापुरतं मला पटतं. पण रात्रभर चालणाऱ्या कामात मेमरीतली एका बिटची चूक ईसीसी जागच्या जागी दुरुस्त करते, आणि ती निश्चिंती मी सोडणार नाही. ॲनालिसिस आता झिऑनवरच चालतं.

पुढच्या महिन्यात तिसरं मशीन घेतोय, डिझाइनसाठी. असेंबल्डच, ४८ जीबीच्या दोनच स्टिक घालून. आणि मेमरी किती वेगाने लावली, ते या वेळी बिलावर लिहून घेणार आहे.