सुवर्णकमळवाला सिनेमा की आपल्या आवडीचा?

इंदुरात आमच्याकडे पाहुणे जमले की रात्री कुठला सिनेमा लावायचा यावरून वाद ठरलेला. एका बाजूला 'अशी ही बनवाबनवी' (1988), दुसऱ्या बाजूला 'कोर्ट'.

'कोर्ट'ची बाजू कागदावर भक्कम. 2014 मध्ये व्हेनिसला गौरव, मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ, भारतातर्फे ऑस्करलाही तोच गेला. पण मला तो आवडतो तो या यादीमुळे नव्हे. दिवसा लोकशाहिराविरुद्ध कलमं वाचून दाखवणारी सरकारी वकीलबाई संध्याकाळी घरी येऊन मुकाट स्वयंपाकाला लागते. कॅमेरा जागचा फारसा हलत नाही, आणि तिच्यावर रागवायचं की नाही हेच कळेनासं होतं. समीक्षकांनी डोक्यावर घेतला नसता तर मी या सिनेमाच्या वाटेला गेलोच नसतो, एवढं श्रेय त्यांचं.

'बनवाबनवी'ला असली शिफारस लागत नाही. सचिन आणि लक्ष्मीकांत बायकांच्या वेशात घरमालकिणीसमोर उभे राहिले की आमची इथेच जन्मलेली, आपापसात हिंदीत भांडणारी पोरंही पुढचा संवाद आधी म्हणून मोकळी होतात. तेवढ्यात काकू शेवेचा डबा फिरवतात. (पोहे नसले तरी नुसती शेव आमच्याकडे चालते.)

एकट्याने, दार लावून बघायचा असेल तर 'कोर्ट'. घर भरलेलं असेल तर मी सुवर्णकमळाचं नावही काढत नाही. आणि पुरस्कार बघून एखाद्या सिनेमाला 'आवडता' म्हणणारा भेटला की हमखास विचारतो, दुसऱ्यांदा कधी पाहिलास?