टूर्निकेट (५४९ रुपये, ऑनलाइन) : दांडी वाकते, घेऊ नका

सरळ मुद्द्यावर येतो. सोसायटीच्या फर्स्ट एड पेटीसाठी एक आणि माझ्या ऑफिसच्या बॅगेसाठी एक असे दोन टूर्निकेट (रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा) मागवले, दोन्हीत सेम लोचा. वर 'मिलिटरी ग्रेड' असं ठसठशीत छापलंय, वेल्क्रो बरा आहे, बकलही ठीक, पण मांडीला लावून दांडी पिळायला घेतली की दुसऱ्याच फेऱ्याला ती पिकलेल्या शेंगेसारखी वाकते आणि थोडा अजून जोर लावला तर दांडीपाशी पट्ट्याची शिवण उसवायला लागते. दंडाला लावला तर मात्र छान बसतो, रिव्ह्यूमध्ये सगळ्यांनी दंडावरचेच फोटो टाकलेत आणि पाच पाच स्टार वाटलेत. अहो मांडीवर लावून बघा ना, तिथे मांस जास्त, रक्तवाहिनी खोल, खरा जोर तिथेच लागतो.

ज्यांना ही वस्तू माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हातापायातून रक्त नळासारखं जात असेल तर जखमेच्या वर दोन-तीन इंच सोडून (धडाच्या बाजूला, गुडघा किंवा कोपरावर नाही) हा पट्टा गच्च ओढून बांधायचा, मग दांडी रक्त थांबेपर्यंत पिळायची, क्लिपमध्ये अडकवायची आणि किती वाजता बांधला ते त्यावरच लिहून ठेवायचं. माणूस बोंबलतो कारण प्रचंड दुखतं, पण दुखतंय म्हणून सैल करायचा नाही, एकदा बांधला की सोडायचा तो डॉक्टरांनी. मोठी रक्तवाहिनी तुटली असेल तर माणूस काही मिनिटांत जातो, तेवढ्यात अ‍ॅम्ब्युलन्स येत नाही, म्हणून ही भानगड.

आमच्या वहिनी सरकारी हॉस्पिटलात कॅज्युअल्टीला सिस्टर आहेत, त्यांना कौतुकाने दाखवायला गेलो तर पिळून बघितला आणि म्हणाल्या, "भावजी, हे खेळणं कुठनं आणलंत?" मी म्हटलं अहो थोडा वाकतो पण आवळतो तर खरा, काहीच नसण्यापेक्षा बरं ना. तर म्हणाल्या तिथेच तर गोची आहे, अर्धवट आवळला तर हृदयाकडे परत जाणारं रक्त अडतं पण आतल्या खोल रक्तवाहिनीतून येणारं चालूच राहतं, मग रक्त कमी व्हायच्या ऐवजी जास्त जातं, आणि बांधणारा निवांत, आपण बांधलंय ना म्हणून हात काढून घेतो. मला हे खरंच माहीत नव्हतं. म्हणजे ही वस्तू नुसती कुचकामी नाही तर घातक आहे, एवढ्यासाठीच हा रिव्ह्यू लिहायला बसलोय.

आता कोणी म्हणेल एवढं काय, आपण काय बॉर्डरवर राहतो का. मुंबईत वेस्टर्न लाइनच्या लोकलने जाणाऱ्याला हे सांगायला नको खरंतर. ११ जुलै २००६ ला संध्याकाळच्या गर्दीत ११ मिनिटांत ७ स्फोट झाले, सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, पार मीरा रोडपर्यंत. फोन लागत नव्हते. तेव्हा १०८ नव्हतीच, ती आपल्याकडे २०१४ ला आली. रुळांशेजारच्या वस्तीतले लोक घरातल्या चादरी घेऊन धावले, त्याच चादरींचं स्ट्रेचर केलं आणि मिळेल त्या गाडीत घालून जखमींना भाभा, सायन, कूपरला पोचवलं. आज १०८ मध्ये डॉक्टर असतो, ऑक्सिजन असतो, सगळं मान्य, पण एकाच वेळी सात ठिकाणी शेकडो जखमी झाले तर पहिली पंधरा-वीस मिनिटं डब्यातल्या माणसांच्याच हातात असणार, हे गणित बदललेलं नाही.

आणि जवळचं हॉस्पिटल उघडं असेलच असंही नाही. २६/११ ला सीएसएमटीहून निघालेले अतिरेकी कामा हॉस्पिटलमध्येच शिरले, अंजली कुलथे सिस्टरनी आपल्या वॉर्डातल्या वीस गरोदर बायकांना पॅन्ट्रीत नेऊन दडवलं, तिथे बाहेरचे जखमी कोण बघणार.

वहिनी अजून एक सांगतात, अशा वेळी जे चालू शकतात ते रिक्षा पकडून सगळ्यात आधी पोचतात, कोणाचे कान वाजतायत, कोणाला काचा लागल्यात, जवळच्या हॉस्पिटलातल्या खाटा भरून जातात आणि खरे सिरियस मागून चादरीतून येतात. म्हणून दारातच लाल (लगेच), पिवळा (थोडं थांबू शकतो), हिरवा (किरकोळ), काळा (मृत किंवा वाचण्यापलीकडचा) असं वर्गीकरण करतात, आणि ओरडणाऱ्याकडे नंतर, गप्प पडलेल्याकडे आधी बघतात. नातेवाईकांना ते पटत नाही, शिव्या सिस्टरला.

बॉस्टन मॅरेथॉनच्या स्फोटात (२०१३) तिथल्या लोकांनी बेल्ट, रबराच्या नळ्या, कपडे जे मिळेल ते वापरून जखमींच्या हातापायांना २७ पट्टे बांधले, त्यात कंपनीचा पट्टा एकही नव्हता. जिवंत हॉस्पिटलला पोचलेला एकही जखमी दगावला नाही, अर्थात तिथे मोठी ट्रॉमा सेंटर्स हाकेच्या अंतरावर होती आणि शर्यतीसाठी मेडिकल तंबू आधीच लावलेला, हे विसरून चालणार नाही. नंतर त्यांनी सामान्य लोकांना रक्त थांबवायचं शिकवायची मोहीमच काढली. आपल्याकडे ऑफिसातल्या फायर ड्रिलला लोक खाली येऊन चहा पितात.

मग घ्यायचा कुठला? ओरिजिनल कॅट (CAT) किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या दांडीवाला सॉफ्टी (SOFTT), ही दोन्ही टूर्निकेटचीच मॉडेल्स, कित्येक पट महाग आहेत आणि कॅटच्या तर हुबेहूब नकला बाजारात भरपूर आहेत, त्यामुळे अधिकृत डीलरकडूनच घ्या आणि आला की आधी स्वतःच्या मांडीवर पिळून बघा. बजेट नसेल तर तेवढ्याच पैशात जाड गॉजचे रोल घ्या. जखमेत गॉज नाहीतर स्वच्छ रुमाल कोंबून दोन्ही हातांनी अंगाचा भार टाकून दाबून धरायचं, मधेमधे उचलून बघायचं नाही. काखेत किंवा जांघेत लागलं असेल तर तसाही पट्टा बसत नाही, तिथे हेच. मानेला पट्टा तर चुकूनही नाही.

चांगलं काय, तर सोबत आलेली कात्री. जीन्स सरसर कापते, पाउचही दणकट आहे, दोन स्टार त्यांचेच. रिटर्न टाकलं तर सेलर म्हणतो वापरलेला माल परत घेत नाही, अरे बाबा न पिळता कळणार कसं? आता दोन्ही पट्ट्यांवर पांढऱ्या पेंटने 'फक्त सराव' लिहिलंय आणि रविवारी सोसायटीच्या ऑफिसात वहिनी शिकवणार आहेत, वॉचमन आणि लिफ्टमनला आधी बोलावलंय, कमिटी मेंबर आले तर आले.