तीन मीटरच्या खोलीत जुना स्टिरिओ : आठ महिन्यांचा अनुभव

माझी ऐकण्याची खोली तीन मीटर लांब, २.६ मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच आहे. तिच्यात पलंग आहे, कामाचं टेबल आहे, एका भिंतीला पुस्तकांचं कपाट आहे. उरलेल्या जागेत जुना स्टिरिओ बसवायचा होता आणि तो नुसता दिसायला नाही, रोज ऐकायला हवा होता. आठ महिने झाले. आता जे मांडून ठेवलंय त्यात एनएडी ३०२० हा ॲम्प्लिफायर (आवाजाला ताकद देणारं यंत्र, पुढे नुसता ॲम्प), एआर-४एक्स स्पीकरची जोडी आणि टेक्निक्स एसएल-१० टर्नटेबल म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र आहे. इथवर पोचायला एक मोठी चूक करावी लागली. तिच्यापासूनच सुरुवात करतो, कारण माझ्यासारखी खोली असलेले बहुतेक जण तीच करतात असं मला वाटतं.

मी आधी ॲम्प घेतला आणि तोही मोठा. सत्तरच्या दशकातला रिसीव्हर म्हणजे रेडिओसकट ॲम्प, लाकडी पेटी, ॲल्युमिनियमचा चेहरा, उजळणारी डायल. त्याला शोभतील म्हणून जमिनीवर उभे राहणारे, मागे भोक असलेले म्हणजे पोर्टेड स्पीकर आणले. पहिल्याच संध्याकाळी कळलं की खोली या संचाला उत्तर देत नाही, ती त्याच्यावर ओरडते. तबल्याच्या बायाचा, म्हणजे डग्ग्याचा, प्रत्येक घुमारा पुढच्या तीन मात्रांवर सांडत होता. तंबोऱ्याचा खर्ज एका ठिकाणी फुगायचा आणि दोन पावलं सरकलं की गायब. स्पीकर भिंतीपासून ओढले तर पलंगाला लागत, मागे ढकलले तर घुमणं वाढे.

कारण साधं गणित आहे. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ज्या लाटेची अर्धी लांबी बरोबर बसते, तो सूर त्या खोलीत साठून राहतो. माझ्या खोलीच्या लांबीसाठी तो सूर ५७ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ५७ कंपनं), उंचीसाठी ६१ आणि रुंदीसाठी ६६. खोलीच्या तिन्ही मापांत फार फरक नसला की हे सूर असे एकमेकांना खेटून येतात आणि साठच्या आसपास एक ढीगच तयार होतो. मोठ्या लांबट दालनात ते पसरतात, म्हणून तिथे तोच स्पीकर शहाण्यासारखा वागतो. माझा पोर्टेड स्पीकर नेमका त्याच पट्ट्यात सर्वांत जोरात काम करत होता. म्हणजे दोष स्पीकरचा नव्हताच, जोडी चुकली होती. दोन महिन्यांनी दोन्ही वस्तू मोठी खोली असलेल्या एका ओळखीच्या माणसाकडे गेल्या. तिथे त्या सुरेख वाजतात.

यानंतर मी उलट्या बाजूने निघालो. आधी खोलीची मापं, मग स्पीकर, मग त्या स्पीकरला पुरेल एवढाच ॲम्प.

छोट्या खोलीसाठी बंद पेटीचे स्पीकर का, तर खर्जाकडे जाताना त्यांचा आवाज हळूहळू उतरतो. बंद पेटीत दर सप्तकामागे साधारण १२ डेसिबल, पोर्टेड पेटीत साधारण २४. आणि खोली लहान असली की अगदी खालच्या सुरांना ती स्वतःच थोडा उठाव देते. हा उठाव आणि बंद पेटीचा उतार एकमेकांना बऱ्यापैकी सांभाळून घेतात. या पद्धतीचा पाया एडगर व्हिल्चरने घातला. पेटीत कोंडलेल्या हवेलाच कोनाची, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याची, स्प्रिंग करायची, ही त्याची कल्पना. १९५४ मध्ये त्याने आणि हेन्री क्लॉसने अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली आणि पहिला एआर-१ बाजारात आला. माझे एआर-४एक्स हे त्याच घराण्यातले, १९६५ पासूनचे. साधारण ४८ सेंटिमीटर उंच, २५ रुंद आणि २३ खोल. खालच्या सुरांसाठी आठ इंची वूफर, वरच्या सुरांसाठी कागदी कोनाचा छोटा ट्वीटर. पुस्तकांच्या फळीवर बसणारा स्पीकर, आणि फळी भिंतीला टेकलेली असली तरी रागावत नाही.

एआर-४एक्स निवडण्याचं आणखी एक कारण होतं. त्याच्या वूफरची कडा कापडी आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या कितीतरी चांगल्या स्पीकरांची कडा फोमची असते आणि फोम पंधरा-वीस वर्षांत भुगा होतो. बोट लावलं की काळी पावडर हाताला येते. ती बदलता येते, पण मध्यभाग नीट न साधता चिकटवली तर कोनामागची तारेची कॉइल घासते. कापडी कडा साठ वर्षांनीही जिवंत असू शकते. बंद पेटी हवाबंद राहिली आहे का, हे पाहायचं असेल तर वूफरचा कोन बोटांनी दोन्हीकडून समतोल, अगदी हळू आत दाबायचा आणि सोडायचा. तो सावकाश परत आला तर पेटी शाबूत आहे. झटक्यात आला तर कुठून तरी हवा जाते.

माझ्या जोडीतला डावा स्पीकर आला तेव्हा कांबळ्याखालून बोलल्यासारखा वाजत होता. विकणाऱ्याने ‘पूर्ण सर्व्हिस केलेली जोडी’ म्हणून दिली होती, आणि मला वाटलं ट्वीटर मेला. पण या स्पीकरच्या पाठीवर ट्वीटरचा आवाज कमीजास्त करणारं एक बटण असतं आणि त्याच्या आतला संपर्क गंजतो, हे जुन्या एआरच्या बाबतीत सर्रास होतं. बटण वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे फिरवलं आणि ट्वीटर एकदम जागा झाला. ही तात्पुरती सोय. दोन आठवड्यांनी पुन्हा आवाज गेला, तेव्हा वूफर काढून ते बटण साफ केलं आणि क्रॉसओव्हरमधला, म्हणजे वरचे-खालचे सूर वेगळे करणाऱ्या जोडणीतला, जुना कॅपॅसिटर हा सुटा भागही बदलून टाकला. आत काचतंतूची भरण असते, हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच. वूफर परत बसवताना खालची सीलबंदी नवी केली नाही, तर वर सांगितलेली सगळी हवेची स्प्रिंग वाया जाते. त्या दिवसापासून आजवर दोन्ही बाजू सारख्या वाजताहेत.

आता ॲम्प. एनएडी ३०२० हा १९७८ चा, एरिक एडवर्डसन यांनी आखलेला, दर चॅनलला २० वॅटचा. वीस वॅट ऐकून माणसं नाक मुरडतात. पण वीसचे चाळीस वॅट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण दहापट ताकद लागते. मी स्पीकरपासून दीड मीटरवर बसतो. या ॲम्पच्या चेहऱ्यावर ताकद दाखवणारे बारीक दिवे आहेत, पहिला एक वॅटचा. रात्री ऐकताना तोही क्वचितच लुकलुकतो. आठ महिन्यांत वीसचा दिवा लागलेला मी पाहिलेला नाही.

आवाज बारीक ठेवून ऐकायचं असेल, आणि लहान खोलीत बहुतेक वेळ तसंच ऐकणं होतं, तर लाउडनेसचं बटण फार मोलाचं आहे. आवाज कमी झाला की आपला कान खालच्या सुरांना जास्त बहिरा होतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं. जुन्या ॲम्पवरचं लाउडनेस बटण तेवढी भर घालतं. नव्या पुष्कळ ॲम्पमधून ते गाळलंय, शुद्धतेच्या नावाखाली. मला ते पटत नाही. रात्री अकराला बारीक आवाजात खर्ज ऐकू येणं ही मला शुद्धतेपेक्षा जास्त गरजेची गोष्ट वाटते. दिवसा आवाज वाढवला की बटण बंद करतो.

या ॲम्पने एकदा घाबरवलं. उजवी बाजू मधूनच जायची, केबल हलवली की यायची. ३०२० च्या पाठीवर ॲम्पचे दोन भाग, प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्प, यांना जोडणाऱ्या यू आकाराच्या धातूच्या पट्ट्या असतात. एक पट्टी सैल होती आणि काळवंडली होती. काढून पुसली, घट्ट बसवली, संपलं. असा ॲम्प घेताना त्या पट्ट्या जागेवर आहेत ना, हे आधी पाहा. त्या नसतील तर चांगला ॲम्पही मुका वाटतो. आवाजाच्या बटणाची खरखर संपर्क साफ करणाऱ्या फवाऱ्याने गेली. स्पीकर जोडण्याआधी मल्टिमीटरने स्पीकरच्या जोडांवरचा डीसी व्होल्टेजही मोजला. दोन्हीकडे २० मिलिव्होल्टच्या आत होता. ५० च्या आत असेल तर काळजी नाही, शंभरच्या वर गेला तर तपासून घेतल्याशिवाय मी स्पीकर जोडणार नाही. आणि पाठीमागच्या पाटीवर व्होल्टेज वाचा. जुनी यंत्रं १००, १२० आणि २२०–२४० व्होल्ट अशा वेगवेगळ्या विजेसाठी बनलेली सापडतात.

जागेच्या बाबतीत सर्वांत फसवणारं माप म्हणजे खोली, आणि इथे मी यंत्राच्या खोलीबद्दल बोलतोय. सगळे जण रुंदी मोजतात. ३०२० साधारण ४२ सेंटिमीटर रुंद आणि २४ खोल आहे, पण मागच्या पिना आणि केबलचं वळण धरलं तर फळी तीस सेंटिमीटरची लागते. वर हवा हवी, कारण गरम हवेच्या फटी माथ्यावर आहेत. मी वर एक वीत मोकळी सोडली आहे आणि तिथे पुस्तक ठेवायचा मोह टाळतो.

टर्नटेबलने जागा खरी वाचवली. एसएल-१० हे १९७९ चं यंत्र रेकॉर्डच्या पाकिटाएवढं आहे, सुमारे साडेएकतीस सेंटिमीटरचा चौकोन. सुईचा दांडा झाकणात असतो आणि कमानीत न फिरता सरळ रेषेत आत सरकतो. झाकण रेकॉर्डला मधोमध दाबून धरतं, त्यामुळे सुई वाजत असताना जवळून चालत गेलं तरी फारसा फरक पडत नाही. काडतूस, म्हणजे सुई बसवलेला छोटा भाग (कार्ट्रिज), टी४पी नावाच्या पद्धतीचं, नुसतं खोचायचं आणि एक स्क्रू आवळायचा. रेकॉर्डवर सुईचा १.२५ ग्रॅम भार ठरलेला असतो, जुळवाजुळव नाही. ज्यांना वेगवेगळी काडतुसं लावून पाहायची हौस आहे त्यांना हे अपुरं वाटेल. मला रेकॉर्ड ऐकायची होती.

फक्त झाकण वर उघडतं, हे मी मापात धरलं नव्हतं. पहिल्यांदा दोन फळ्यांच्या मध्ये ठेवलं, झाकण अर्धंच उघडलं आणि रेकॉर्ड आत सरकवताना एकीच्या कडेवर ओरखडा गेला. आता ते कपाटाच्या माथ्यावर आहे, स्पीकरच्या फळीपासून वेगळं. एकाच फळीवर असताना आवाज वाढवला की वूफर गाण्याशिवायच डुलत असे. फळीतली थरथर सुईला पोचून परत स्पीकरमधून येत होती.

स्पीकरमध्ये एक मीटर तीस सेंटिमीटर अंतर आहे, ट्वीटर बसल्यावर कानाच्या रेषेत येतात. दोन्ही थोडे आत वळवले. कोपऱ्यापासून जेमतेम चाळीस सेंटिमीटर सरकवल्यावर बायाचा घुमारा आवरला, तेवढा दुसऱ्या कशानेही आवरला नव्हता. डोक्यामागे पुस्तकांचं कपाट आहे. पुस्तकांच्या उंच-सखल पाठींमुळे मागून परतणारा आवाज विखुरतो.

उणीव राहिली आहे. ४० हर्ट्झच्या खालचं काही या संचात जाणवत नाही, आणि एआर-४एक्सचा वरचा भाग आजच्या घुमटाकार म्हणजे डोम ट्वीटरइतका मोकळा नाही. झांजा जरा मऊ वाटतात. गळा मात्र असा समोर उभा राहतो की श्वास घेतलेला कळतो. गेल्या महिन्यापासून एसएल-१० चा दांडा शेवटच्या ओळीजवळ अडखळतो. ज्या दांडीवरून तो सरकतो तिचं वंगण सुकलंय, आणि त्याला ओढणारा बारीक रबरी पट्टाही सैल पडला असावा. नवा पट्टा आणून ठेवला आहे, रविवारी झाकण उघडणार आहे.