आर्ट थेरपी: घरी बोलवावी की मुलाला केंद्रावर न्यावं?

केमो चालू असलेल्या मुलासाठी आर्ट थेरपी, म्हणजे चित्रं-रंगांतून मनातलं बाहेर काढू देणारी थेरपी, घ्यायची, इथपर्यंत तुमचं ठरलंय असं धरून चालतो. तिने काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, वाढत नाहीत आणि औषधाची एक गोळीही कमी होत नाही, हेही तुम्हाला ठाऊक असेल. प्रश्न उरतो तो थेरपी देणाऱ्या ताईंना घरी बोलवायचं की मुलाला केंद्रावर गटात न्यायचं, एवढाच. आमच्या लेकीला रक्ताचा कॅन्सर, म्हणजे एएलएल, आणि आम्ही राहतो ठाण्यात. आधी घरी करून पाहिलं, नंतर खारघरच्या बाजूला एका केंद्रावर जायला लागलो. त्यामुळे पुढचं सगळं एका घराच्या अनुभवावरून आहे, तेवढंच वजन त्याला द्या.

घरच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा काउंटचा. एएनसी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा, ५०० च्या खाली गेला की गर्दी बंद, आणि मग ठाणे-पनवेल लोकलचा विचारही करायचा नाही. गाडी करून गेलात तरी ठाणे-बेलापूर रोडवर ट्रकमागे अडकलेल्या मुलाला उलटी कधी होईल सांगता येत नाही. ताई घरी आल्या तर मूल गादीवर लोळत, मास्क न लावता, स्वतःच्या टॉवेलला हात पुसत रंगवतं. स्टिरॉइडच्या दिवसांत मध्येच उठून तिसऱ्यांदा वरणभात मागितला तरी कुणाचं काही अडत नाही. बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेलं मूल महिनोन्‌महिने जपावं लागतं, त्यांच्यासाठी तर घरच बरं.

मग आम्ही घर का सोडलं? दाराअभावी.

आमचा वन बीएचके. बेडरूममध्ये आजोबा झोपलेले, नाहीतर माझी मीटिंग. स्वयंपाकघरात कुकर. राहिला हॉल, आणि हॉल सगळ्यांचा. ताई सतरंजी पसरून बसल्या की आई चहा घेऊन यायची आणि कप ठेवून तिथेच उभी राहायची. नातीवर जीव, दुसरं काही नाही. पण तोंड गप्प बसत नसे. ‘बाळा, आभाळ काळं का गं केलंस? निळा खडू आहे ना!’ एकदा लेकीने एक माणूस काढला, डोक्यावर केस नसलेला. आई म्हणाली, ‘केस राहिले बघ.’ लेकीने मुकाट्याने केस काढले, लांब, दोन वेण्यांसकट.

त्यानंतर प्रत्येक वेळी एकच चित्र यायला लागलं: दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, काठाला झोपडी आणि एक नारळाचं झाड. शाळेत शंभर मुलं काढतात तेच. आई खूश, शेजारच्या काकू खूश, फ्रिजवर प्रदर्शन. ताईंनी सौम्यपणे दोनदा सुचवलं की आम्ही आत बसलो तर बरं. आत म्हणजे कुठे, हे त्यांनाही दिसत होतं. आईला खाली देवळात पाठवायचे, टीव्ही बंद ठेवायचे उपायही करून झाले. पण आजी परत आल्यावर चित्र बघणार हे लेकीला माहीत असायचं, आणि ती आजीला आवडेल तेच काढायची. आपलं पोर आपल्याला जपतंय हे कळतं तेव्हा फार बरं वाटत नाही.

केंद्रावर पहिला नियम असा की पालक बाहेर. आम्ही जिन्याजवळच्या बाकावर. चित्रं ताईंकडच्या फायलीत राहतात. मुलाने दाखवायचं म्हटलं तर दाखवतात, नाहीतर नाही. आत काय चालतं ते मला लेकीकडूनच तुकड्यातुकड्यात कळतं. सुई नसलेल्या सिरिंजमध्ये पातळ रंग भरून कागदावर पिचकारी मारतात. एका मुलाने पिठाच्या गोळ्याचा डॉक्टर केला आणि त्याच्या पाठीत काड्या टोचल्या; पाठीतल्या इंजेक्शनला घाबरणारी बाकीची पोरं रांग लावून टोचायला आली म्हणे. हे आमच्या हॉलमध्ये आजीसमोर झालं असतं का? शिवाय तिथे टक्कल कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कुणाच्या छातीला पोर्ट, कुणाच्या दंडाला पिक लाइन, औषधं द्यायला बसवलेल्या या नळ्यांवरूनच ओळखी होतात.

केंद्राच्या उणिवा लपवत नाही. काउंट पडले की खाडा, आणि नेमके ते दिवस जास्त एकटेपणाचे. प्रवास आहेच. सगळ्यात अवघड म्हणजे गटातलं एखादं मूल यायचं थांबतं. ताई आत त्याबद्दल बोलतात, पण परतताना जुईनगर येईपर्यंत तुम्हाला विचारलं जातंच, आणि तिथे ताई नसतात. ज्यांना याची फार धास्ती वाटते त्यांनी घरीच करावं, असं म्हणणारेही आहेत, आणि मी त्यांना चूक म्हणणार नाही.

साहित्यात दोन्हीकडे फारसा फरक नाही, काळजी तीच. व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधाने बोटांत मुंग्या येतात, पकड सैल होते, तेव्हा जाड खडू हवेत. टर्पेंटाइनसारख्या उग्र वासाचं काही नको. प्लेटलेट कमी असताना कात्री दूर. आणि गणपती जवळ आले की घरात शाडू येते, तिला काउंट कमी असताना हात लावू देऊ नका. मातीत बुरशी असू शकते, कणीक मळून द्या.

एड्रियन हिल नावाच्या इंग्रज चित्रकाराने १९४२ साली ‘आर्ट थेरपी’ हे नाव वापरात आणलं. क्षयाने आजारी असताना सॅनिटोरियममध्ये पडल्या पडल्या चित्रं काढून त्याला बरं वाटलं होतं. म्हणजे घराबाहेरच! हा काही पुरावा नव्हे, मला आपला आवडतो इतकंच.

तुमच्याकडे दार लावता येईल अशी खोली असेल आणि ते लावलेलं चालवून घेणारी माणसं असतील, तर घर वाईट नाही. तशी खोली नसेल तर मी केंद्राकडे झुकेन, आणि काउंट पडलेल्या आठवड्यांत त्याच ताईंना व्हिडिओ कॉलवर घेईन. आम्ही तसंच करतो; मोबाईल बाथरूमच्या दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये पाटावर ठेवून, कारण तेवढाच कोपरा आडोशाचा आहे.

फोनवर चौकशी करताना फीच्या आधी दोन गोष्टी विचारा. ताईंचं शिक्षण कशात झालंय, कारण आर्ट थेरपीच्या पाटीमागे कधीकधी साधा ड्रॉइंग क्लास निघतो. आणि त्या वेळात पालक कुठे बसतात. ‘बसा की तुम्हीही, बघा काय छान काढतात मुलं’ असं उत्तर आलं, तर मी दुसरा नंबर शोधेन.